फळीवरची डबी

काचेचं भांडं कितीही घासा, वाळल्यावर उजेडात धरलं की तळाशी एक पुसट कडं दिसतंच. किश्शांचं तसंच आहे. मी एकतीस वर्षं प्रयोगशाळेत भांडी धुतली. सिंकपाशी उभ्या असलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही, आणि नळ चालू असला की त्याला ऐकूही येत नसेल असं सगळ्यांना वाटतं. मला सगळं ऐकू यायचं. आता नोकरी संपली, हात कोरडे झाले, तर ती कडी एकेक करून दिसायला लागलीत.

शाळेत मी गेलो नाही. अक्षरं बायकोनं शिकवली, तीही लग्नानंतर, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे हे लिहायला वेळ लागला. काही चुकलं असेल तर तिच्या माथी मारू नका. ती सातवी पास होती.

आमच्या मॅडम म्हणजे डॉक्टर साठे. माणसांच्या डॉक्टर नव्हेत, रसायनांच्या. रक्तातली साखर मोजायची पट्टी असते ना, बोटाला टोचून थेंब लावतात ती, तिच्या टोकावर एन्झाइमचा पातळ थर असतो. एन्झाइम साखरेला धरतं, त्यातून इवलीशी वीज निघते, ती यंत्र मोजतं. जितकी साखर, तितकी वीज. मला एवढंच कळतं, आणि मॅडम म्हणायच्या की एवढं पुरतं. तो थर उन्हानं मरतो. फ्रिज नसलेल्या गावात, पत्र्याच्या दवाखान्यात तो महिनोन्महिने जगावा, यासाठी मॅडमची सगळी धडपड होती.

* * *

पहिला किस्सा माझ्याच मूर्खपणाचा.

समितीची माणसं लॅब बघायला येणार होती. या समितीच्या हो-नाहीवर मॅडमचं काम चालायचं. म्हणून मी आदल्या दिवशी सगळी भांडी दोनदा साबणानं घासली आणि वरून घरची लिंबाच्या वासाची पावडर लावली. काच अशी लखलखत होती की बघत राहावं.

त्या भांड्यांत केलेला सगळा थर मेला. पट्टी यंत्राला लावली की पडद्यावर रेघ चढायला हवी. ती जमिनीला चिकटून बसलेली.

पल्लवी रडकुंडीला आली. ही यवतमाळची मुलगी, मॅडमकडे पीएचडी करत होती. "काऊन असं झालं असंन, मॅडम? काल तर मस्त होतं."

मॅडमनी एक बीकर उचलला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं. "मामा, लिंबू?"

"हो मॅडम. पाहुणे येणार म्हणून."

 बीकर माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "घाणीनं मेलं असतं तर समजू शकले असते. आपल्याकडे स्वच्छतेनं मरतंय."

साबणाचा अंशही राहू नये म्हणून तेव्हापासून प्रत्येक भांडं नुसत्या पाण्यानं सात वेळा खळबळायचं असं ठरलं. आकडे मी विसरतो, म्हणून मी सात नद्यांची नावं घ्यायचो. गंगा म्हणून सुरुवात, कावेरी आली की भांडं निघालं. एकदा समितीतल्या एका साहेबांनी ऐकलं आणि मॅडमना विचारलं, "हे पूजा करतात का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या, "मोजतात. पूजा आम्ही तुम्ही आल्यावर करतो."

* * *

थर म्हणजे खरं तर एक थेंब. पिपेटनं, म्हणजे मापाच्या बारीक नळीनं, पट्टीच्या टोकावर सोडायचा आणि वाळू द्यायचा. ऐकायला सोपं. पण वाळला की सगळा माल कडेला जायचा आणि मध्ये टक्कल पडायचं. टेबलावर चहाचा कप ठेवला की उमटतं ना, तसं कडं. मग एका पट्टीचं उत्तर दुसरीशी जुळायचं नाही.

पल्लवीनं तीन आठवडे घालवले. पंख्याखाली वाळव, ओव्हनमध्ये वाळव, थेंब लहान कर, मोठा कर. कडं काही जाईना.

मी घरी शालनला सांगितलं. शालन म्हणजे माझी बायको. ती साबुदाण्याच्या पापड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "पंख्याखाली वाळवतात होय? मग कड आधी वाळणार, आणि वाळलेली कड मधलं सगळं ओढून घेणार. आधी झाकायचं, शेजारी ओलं फडकं ठेवायचं. पाणी हळू उतरलं की सारखं बसतं. घाई केली की फाटतं."

मी लॅबमध्ये बोललो नाही. एवढ्या शिकलेल्या माणसांना पापडीचं काय सांगायचं? चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी पल्लवी माझ्याच सिंकवर तोंड धुवायला आली. डोळे लाल. तेव्हा सांगून टाकलं.

तिनं झाकणाचा डबा घेतला, आत ओला टिपकागद ठेवला, पट्ट्या मांडल्या. दुसऱ्या दिवशी थर कसा, तर शांत पाण्यासारखा सपाट.

"मामा, हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही, बाळ."

मॅडमच्या वहीत प्रत्येक पद्धतीला नाव असायचं. बहुतेक परदेशी माणसांची नावं. त्यांच्या ओळीत मॅडमनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'शालनताई पद्धत'. मी घरी येऊन सांगितलं, तर पदराला हात पुसत शालन म्हणाली, "बरं. पापडखार तेवढा घालू नका म्हणावं."

पण त्या दिवशी तिनं दोन शेजारणींना चहाला बोलावलं, आणि विषय काढायला मला लावला.

* * *

शालनला स्वतःला साखर होती. अठरा वर्षं. सणाला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. मी एकट्यानं खायचो. चव लागायची नाही, पण टाकली तर तिला वाईट वाटलं असतं.

एकदा मी बोलता बोलता म्हणालो, की थर वाळवताना मॅडम त्यात साखर घालतात. वेगळ्या जातीची. एन्झाइम ती खात नाही, अंगावर पांघरतं. पाणी उडालं तरी त्या पांघरुणात त्याची घडी मोडत नाही, म्हणून ते टिकतं.

ती चहा गाळता गाळता थांबली. "म्हणजे त्याला जगायला साखर, आणि मला मरायला."

 तिनंच पुढे विचारलं, "पण जिवंत असतं का हो ते?"

पल्लवी असती तर म्हणाली असती, नाही काकू, जीव वगैरे काही नसतो. पण लॅबमध्ये सगळे तसंच बोलायचे. आज मेलं, आज जिवंत आहे. मी जे ऐकलं तेच सांगितलं.

"असतं. उन्हानं मरतं."

तिनं गाळणी खाली ठेवली. मला कळलं की तिला आक्का आठवली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण. गावाकडच्या दवाखान्यात आक्काची साखर दर वेळी बरी निघायची. पट्ट्या उन्हात पडून मेलेल्या, हे कुणाला ठाऊक? मेलेली पट्टी गप्प बसत नाही, साखर कमी सांगते. आक्का खूश होऊन गूळ-पोळी खात राहिली. डोळे गेले तेव्हा पुण्याला आणली. मग फार दिवस राहिली नाही.

हे मी एकदा मॅडमना सांगितलं होतं.  दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी दिसली. मी अक्षर लावून वाचली. 'पट्टी मेली तरी चालेल. खोटं बोलता कामा नये.'

* * *

एका वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी मॅडमनी सगळ्यांना जमवलं. नवा थर तयार होता. जूनमध्ये समिती येणार, आणि थर उन्हात टिकला असं दिसलं तर आणखी तीन वर्षं काम चालणार. नाही तर लॅब बंद.

"इन्क्युबेटरमध्ये पट्ट्या ठेवतोच आहोत," मॅडम म्हणाल्या. इन्क्युबेटर म्हणजे कायम गरम ठेवायचं कपाट. "पण कपाट म्हणजे घर नव्हे. मला खरं घर हवंय. सगळ्यांत गरम घर कुणाचं?"

मॅडमचा फ्लॅट वारज्याला, सातव्या मजल्यावर, वारा खेळता. पल्लवी म्हणाली, हॉस्टेल गरम आहे, पण तिथे पट्ट्या मुलीच संपवतील. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझं घर विश्रांतवाडीला, दोन खोल्या, वर पत्रा.

मी म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे दुपारी पत्र्यावर पापड भाजून निघतो."

"ठरलं. तुमचं घर हीच आमची दुसरी लॅब."

पल्लवीनं घट्ट झाकणाची पत्र्याची डबी दिली. आत चाळीस पट्ट्या, ओल शोषून घेणारे मणी. डबी छताजवळच्या फळीवर ठेवायची, हलवायची नाही. भिंतीवर एक तापमापक लावला. डबीतच बसेल असं छोटं यंत्र मिळतं, त्यासाठी मॅडमनी अर्ज केला होता. तो अर्ज अजून कुठल्या टेबलावर आहे, हे त्या टेबलालाच माहीत.

दुपारी भिंतीवरचा आकडा लिहायचं काम शालनकडे. तिनं कॅलेंडर उलटं करून रेघा मारल्या. डबीवर कागद चिकटवला, 'हात लावू नये'. खाली सहीसुद्धा केली.

"सही कशाला?" मी म्हटलं.

"जबाबदारी घेतली की सही करावी लागते. तुमच्या मॅडमना विचारा."

* * *

दर सोमवारी सकाळी मी फळीवरून डबी काढायचो, दोन पट्ट्या पाकिटात घालायचो, डबी परत वर. लॅबमध्ये पल्लवी त्या साखरेच्या पाण्यात बुडवून यंत्राला लावायची.

चैत्र गेला. इन्क्युबेटरमधल्या पट्ट्यांची रेघ दर आठवड्याला थोडी थोडी बसत चालली. माझ्या घरच्यांची मात्र पहिल्या दिवशीसारखी उभी.

वैशाख आला. शालनच्या कॅलेंडरवर चाळीस, एकेचाळीस, एकेचाळीस. रेघ तशीच.

मॅडमना कोडं पडलं. "खोलीचं तापमान उतरतं सकाळी, त्याला विसावा मिळत असेल," त्या पल्लवीला सांगायच्या, आणि पुन्हा स्वतःच म्हणायच्या, "पण एवढा?" तरी चेहरा उजळलेला. इतक्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं. पल्लवीनं आईला फोन करून सांगितलं, "आई, आपली डबी पास होऊन राहिली."

मी घरी येऊन शालनला सांगायचो, "सगळ्या जिवंत आहेत." ती हसून म्हणायची, "असणारच." मला वाटायचं, पद्धत तिच्या नावाची, म्हणून म्हणत असेल.

* * *

मग शालनच्या पायाला चपलेचा खिळा लागला. तिला कळलंही नाही. साखरेत पायाची जाणीव जाते. कळलं तेव्हा जखम चिघळली होती. डॉक्टरांनी मलमपट्टी केली, सांगितलं की पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी एक दिवस रजा टाकली.

मंगळवारची दुपार. मी सतरंजीवर पडलो होतो, डोळे मिटून. शालन खाटेवर. बारा वाजून गेले असतील, खाट वाजली. डोळे किलकिले करून बघितलं तर ती उठली होती. भिंतीला धरून, दुखऱ्या पायाच्या टाचेवर. तापमापक वाचला, कॅलेंडरवर आकडा लिहिला. मग स्टुलावर हात टेकून वर झाली आणि फळीवरची डबी काढली.

एका स्टीलच्या डब्यात ती डबी घातली, झाकण लावलं, वर ओलं फडकं गुंडाळलं. कोपऱ्यात माठ आहे आमचा, त्याच्या खाली वाळूची परात आहे. त्या वाळूत तिनं डबा रोवला आणि स्वतः तिथेच जमिनीवर कलंडली.

मी उठून बसलो. "अगं, हे काय?"

"झोपला नव्हतात होय?"

"डबी का हलवलीस?"

"दुपारचीच आणते खाली. तुम्ही यायच्या आधी परत वर. सकाळ-संध्याकाळ फळीवरच असते की."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." तिला माझ्या विचारण्याचंच नवल वाटलं. "मी इथं माठाच्या गारव्याला पडू आणि त्या जिवांना वर पत्र्याखाली भाजत ठेवू? तुम्हीच म्हणालात ना, उन्हानं मरतं? आक्काच्या दवाखान्यात कुणी एवढं केलं असतं तर..."

  पाच वाजता मी स्वतः उठून डबी फळीवर ठेवली, म्हणजे तिला पाय टेकावा लागू नये.

* * *

समिती शुक्रवारी येणार होती. मी बुधवारी कामावर गेलो.

पल्लवी पडद्यावर चित्र काढत होती. एक रेघ उतरती, एक सरळ. मी भांडी धुवायला घेतली. गंगा, यमुना, गोदावरी, मग पुढची नदी आठवेना. तीच तीन नावं फिरून फिरून घेत राहिलो. तसाच ओल्या हातांनी मॅडमच्या टेबलापाशी गेलो. काचेखालची चिठ्ठी दिसत होती. बघायचं नव्हतं, पण दिसत होती.

सगळं सांगितलं.

मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत होत्या. "दुपारी किती वेळ?"

"बारा ते पाच."

"रोज?"

"रोज. पायाला लागलं तरी."

"आपल्या इन्क्युबेटरची वीज या उन्हाळ्यात चार वेळा गेली, मामा," त्या हळूच म्हणाल्या. "ताईंचा एक दिवस चुकला नाही."

पल्लवी मागे येऊन उभी होती. "मॅडम, समितीले कसं माहीत पडणार आहे? तापमान तर बरोबरच लिहिलं काकूंनी."

मॅडमनी टेबलाच्या काचेवर बोट टेकवलं, चिठ्ठीवर.  पल्लवीनं पडद्यावरची सरळ रेघ पुसली.

शुक्रवारी मी चहा घेऊन आत गेलो तेव्हा मॅडम सांगत होत्या, "घरातले आकडे मी मागे घेते आहे. डबी दुपारी गारव्यात होती."

"कुणी ठेवली गारव्यात?" एका साहेबांनी विचारलं.

मी कप मांडायला लागलो.

"माझ्या सूचना अपुऱ्या होत्या," मॅडम म्हणाल्या. "चूक माझी आहे. चहा घ्या."

समितीनं सहानुभूती दाखवली, बिस्किटं संपवली आणि मुदत वाढवली नाही.

* * *

पुढच्या रविवारी मॅडम आमच्या घरी आल्या. मंडईतून जांभळं आणली होती. साखरेला चांगली असतात म्हणून. शालनचा पाय उशीवर, तोवर अंगठा काळा पडला होता. मी तिला लॅबचं काही सांगितलं नव्हतं.

तिनं पहिलं हेच विचारलं, "मॅडम, जगल्या ना सगळ्या?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "जगल्या, ताई. एक मेली नाही."

"आणि खोटं तर बोलत नाहीत?"

"पट्ट्या कधी खोटं बोलल्या नाहीत, ताई."

मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा येईपर्यंत त्या चष्मा पुसत उभ्या होत्या. ओढणीनं पुसायच्या, घालायच्या, पुन्हा काढायच्या. काच स्वच्छच होती. भांडी धुण्यात आयुष्य गेलंय माझं, मला कळतं.

* * *

आधी अंगठा गेला, मग गुडघ्यापर्यंत पाय. शालन त्यानंतर हॉस्पिटलातच राहिली.

तिथली नर्स दिवसातून चार वेळा साखर बघायला यायची. शालन बोट मागे घ्यायची. "ही पट्टी कुठं ठेवलेली असते?"

"कपाटात, आजी."

"कपाट कुठल्या भिंतीला? ऊन येतं का त्या भिंतीवर?"

"आजी, तुम्ही काय इन्स्पेक्टर आहात?"

"नाही गं," शालन म्हणाली, "मी पद्धत आहे."

नर्सनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, आजींना भ्रम झाला. मी म्हणालो, "खरं आहे, सिस्टर. वहीत नाव आहे." मग तिला वाटलं, आजोबांनाही झाला. तरी बिचारी उठून कपाट बघून आली. "सावलीत आहे, आजी." तेव्हा कुठे शालननं बोट पुढं केलं.

मार्गशीर्षात ती गेली. लॅबला कुलूप लागलं होतंच. माझीही नोकरी त्याच महिन्यात संपली. पल्लवीला लांबच्या गावी नोकरी मिळाली. दहाव्याला तिचा फोन आला. नुसती रडली. नळ चालू असल्यासारखा आवाज येत राहिला, मी ऐकत राहिलो.

* * *

चैत्रात मॅडम पुन्हा घरी आल्या. वारज्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागल्या होत्या. तिथे त्यांना एक कोपरा मिळाला होता, एक टेबल, जुनं यंत्र. हातात नवी डबी. तीच कृती, वीस पट्ट्या, स्वतःच्या हातानं केलेल्या.

"मामा, मला एकदा खरं काय ते कळू दे. टिकल्या तर पुन्हा अर्ज करीन. मेल्या तर हा विषय मिटवून टाकीन, मनाला रुखरुख नको. उन्हाळाभर डबी फळीवर राहू दे. कुणीही हलवायची नाही."

"आता हलवायला आहे कोण, मॅडम?" मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, "शब्द?"

"शब्द."

जुन्या डबीवरचा शालनचा कागद मी हलक्या हातानं सोडवला आणि नव्या डबीला लावला. 'हात लावू नये'. खाली तिची सही. भिंतीवरचा आकडा आता मीच लिहितो. माझं अक्षर मोठं, रेघेच्या बाहेर जातं. दुपारी घरात मी एकटा असतो. पत्रा तापला की कडकड वाजतो. माठ आहे तिथेच आहे, तिच्यासारखाच मीही त्याच्याजवळ पडतो.

ज्येष्ठातल्या एका सोमवारी डबी पिशवीत घालून बसनं वारज्याला गेलो. मॅडमनी पट्टी साखरेच्या पाण्यात धरली, यंत्राला लावली. रेघ उठली आणि चढत गेली, चढत गेली, पहिल्या दिवशीसारखी उभी राहिली. त्यांनी दुसरी लावली. तीही तशीच. तिसरी. चौथी.

 अर्जाचा कागद टेबलावर तयार होता, मी बघितला. माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. कोपऱ्यात सिंक होतं, दोन बीकर पडले होते. मी नळ सोडला आणि गंगेपासून सुरुवात केली.

"मामा," मागून आवाज आला. "डबी फळीवरच होती ना?"

कावेरीपर्यंत गेलो. बीकर पालथा घातला. नळ बंद केला.

"सकाळ-संध्याकाळ फळीवरच होती, मॅडम."